नर-वंध्य झाड: बिघाड नेमका कुठल्या पेशीत, हे शोधायचं कसं

उमललेल्या फुलातला पराग काढला, आयोडीनचा थेंब टाकला, रंग आला नाही आणि वहीत लिहून टाकलं: "टॅपेटम लवकर नष्ट झाल्यामुळे नर-वंध्यत्व." (नर-वंध्य म्हणजे ज्याच्याकडून कामाचा पराग मिळत नाही असं झाड.) हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणि बियाण्यांच्या चाचणी अहवालांत इतक्या वेळा वाचलंय की शेवटी हा लेख लिहायला घेतला. कांद्याच्या बाबतीत तर या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक म्हणजे आयोडीन हे कांद्याच्या परागासाठी योग्य रंगद्रव्यच नाही. दुसरी त्याहून मोठी: टॅपेटम, म्हणजे परागकोशाचा सर्वांत आतला, परागाला पोसणारा थर, कोणी पाहिलेलाच नसतो.

उमललेलं फूल म्हणजे घटनेचा शेवट. बिघाड झाला तो कळी हिरवी, मिटलेली असताना. तो कुठल्या अवस्थेत झाला आणि कुठल्या पेशीत झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते याच क्रमाने सोडवावे लागतात.

उदाहरण म्हणून मी कांदा घेतलाय. डेंगळ्याच्या (कांद्याच्या फुलोऱ्याच्या दांड्याच्या) एकाच गोंड्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या कळीपासून उमललेल्या फुलापर्यंत सगळ्या वयाच्या कळ्या मिळतात, आणि कांद्याची गुणसूत्रं फक्त १६ आणि चांगली मोठी असतात. शिकायला यापेक्षा सोपं पीक नाही. ज्वारी, भात, सूर्यफूल यांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे येईल.

## सुरुवातीला: परागकोशात काय बघायचं आहे

कोवळ्या परागकोशाचा आडवा काप घेतला तर चार कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याच्या भिंतीत बाहेरून आत चार थर असतात: बाह्यत्वचा, एंडोथेसियम, मधला थर आणि सर्वांत आत टॅपेटम. टॅपेटमच्या आत पराग-मातृपेशी. मातृपेशींचं मिओसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) होऊन चार-चार पेशींची चतुष्कं बनतात, त्यांच्याभोवती कॅलोज या कर्बोदकाचं वेष्टण असतं. टॅपेटम कॅलेज हे विकर सोडतो, वेष्टण विरघळतं आणि मायक्रोस्पोर, म्हणजे कोवळे परागकण, सुटे होतात. मग टॅपेटम त्यांना अन्न पुरवतो, बाहेरच्या कठीण भिंतीचं सामान पुरवतो आणि काम झाल्यावर स्वतः विरघळून जातो. शेवटी एंडोथेसियमच्या पेशींत जाड पट्ट्या तयार होतात आणि परागकोश उकलतो.

या साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच: झाडावर पराग नाही. म्हणूनच लक्षणावरून कारण सांगता येत नाही.

## टप्पा १: हे खरंच नर-वंध्यत्व आहे का?

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि पुढचे दोन महिने वाया जातात.

संशयित झाडाचे तीन-चार गोंडे निवडा. निम्म्यांवर उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा. उरलेल्यांना दुसऱ्या, पराग देणाऱ्या झाडाचा पराग रोज सकाळी मऊ ब्रशने लावा आणि तेही झाकून ठेवा. पराग लावलेल्या गोंड्यात बी भरलं आणि नुसत्या झाकलेल्या गोंड्यात भरलं नाही, तरच पुढे जा. दोन्हीकडे बी नसेल तर मादी बाजूही बिघडलेली आहे. ती वेगळी चौकशी आहे, बहुधा गुणसूत्रांच्या संख्येची.

इथे कांद्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. एकाच फुलात परागकोश आधी उकलतात आणि कुक्षी नंतर पिकते, त्यामुळे झाकलेला गोंडा सुफल झाडाचा असला तरी हात न लावता फारसं बी धरत नाही. पिशवीतल्या सुफल गोंड्यावरही हलका हात फिरवावा लागतो. नाहीतर तुम्ही सुफल झाडालाच वंध्य ठरवाल.

तपासा: भिंगातून परागकोश बघा. सुफल कांद्यात ते फुगीर असतात, पिवळे पडतात आणि बोटाला भुकटी लागते. वंध्य झाडात फिकट हिरवट, अर्धपारदर्शक, सुकत जाणारे. पण कुरतडल्यासारखे, चंदेरी ओरखडे असलेले परागकोश दिसले तर आधी फुलकिडे शोधा. डेंगळ्यात ते हमखास असतात.

## टप्पा २: तुलनेचं झाड आणि वही

तुलनेशिवाय काढलेल्या एकाही छायाचित्राला अर्थ नाही. कांद्याच्या नर-वंध्य ए लाइनसाठी तुलनेचं झाड म्हणजे तिचीच बी लाइन, म्हणजे ए लाइन टिकवायला जिचा पराग वापरतात ती सुफल जोडीदार. कारण साधं आहे: दोघींच्या केंद्रकात वंध्यत्वाचं अप्रभावी जनुक दुहेरी असतं, फरक पेशीद्रवाचा, म्हणजे त्यातल्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचा). जे ए मध्ये दिसतं आणि बी मध्ये दिसत नाही, तेच तुमचं उत्तर. शेजारच्या प्लॉटमधला भलताच सुफल वाण घेतलात तर फरक जातीचा की वंध्यत्वाचा, हे कळणार नाही.

वहीत प्रत्येक गोंड्यासाठी या गोष्टी लिहा: झाडाचा क्रमांक, तारीख, कळीची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि मागच्या तीन आठवड्यांचं किमान-कमाल तापमान. शेवटची नोंद हसण्यावारी नेऊ नका. टप्पा ८ मध्ये सगळा निर्णय तिच्यावर अडतो.

## टप्पा ३: कळ्या तोडणं आणि स्थिरीकरण

माझ्या मते निम्म्याहून जास्त चुका इथे होतात.

"मिओसिस सकाळी ९ ते ११ मध्येच मिळतो" असं ऐकून लोक घड्याळ लावून शेतात जातात. कांद्यात मिओसिसला सुमारे चार दिवस लागतात. त्यामुळे घड्याळापेक्षा कळीचं वय महत्त्वाचं. सकाळी तोडायचं ते एवढ्यासाठी की दुपारच्या उन्हात कळ्या मऊ पडलेल्या नसाव्यात.

मिओसिस हवा असेल तर गोंड्यावरचं पातळ वेष्टण नुकतंच फाटतंय किंवा अजून फाटायचं आहे, असे गोंडे घ्या. फुलं उमलायला लागलेल्या गोंड्यात मिओसिस शोधत बसलात तर मधल्या काही बारीक कळ्या सोडता हाती काही लागत नाही.

१. फार्मर द्रावण त्याच दिवशी बनवा: शुद्ध अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १ भाग. कालचं वापरू नका. दोन्ही घटकांची आपसात अभिक्रिया होऊन द्रावण कमकुवत होतं.

२. वेष्टण पूर्ण काढा, गोंडा सुटा करा, कळ्या बाटलीत टाका. द्रावण कळ्यांच्या किमान १५ पट.

३. बाटली शेतातच न्या. तोडून पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणू नका.

४. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बदला आणि फ्रीजमध्ये ठेवा.

५. टॅपेटमचे काप घ्यायचे असतील तर त्याच गोंड्यातल्या काही कळ्या वेगळ्या बाटलीत, एफएए द्रावणात ठेवा: फॉर्मॅलिन ५, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ५, ७० टक्के अल्कोहोल ९० भाग. फॉर्मॅलिन हूडखाली, हातमोजे घालूनच.

सावध: फार्मर द्रावण गुणसूत्रांसाठी उत्तम, पण पेशीद्रवाची आणि मायटोकॉन्ड्रियाची पार वाट लावतं. त्यात बुडवलेल्या कळीचा काप काढून "टॅपेटमच्या पेशी आक्रसल्या" असं लिहिता येत नाही.

माझ्याच कामातली गोष्ट सांगतो. एका हंगामात घाईने अख्खे गोंडे वेष्टणासकट बाटलीत टाकले होते. द्रावण आत नीट शिरलंच नाही. कापात ए लाइनचा टॅपेटम भिंतीपासून सुटून आत गोळा झालेला दिसला आणि मी आठवडाभर त्याला 'अकाली ऱ्हास' म्हणत होतो. मग बी लाइनचे काप पाहिले. तिथेही टॅपेटम तसाच सुटलेला, आणि बी लाइनला तर भरपूर पराग होता. तो सगळा संच टाकून द्यावा लागला, आणि पुढच्या कळ्या मिळायला पुढचा हंगाम उजाडला. तेव्हापासून मी बी लाइनची स्लाइड आधी बघतो, मग ए लाइनची.

## टप्पा ४: स्क्वॅश (चिरडून केलेली) स्लाइड, अवस्था ओळखणं

उद्देश एकच: कुठल्या लांबीच्या कळीत काय चाललंय, याची शिडी बनवणं. दुसऱ्या कोणाच्या तक्त्यातली लांबी उचलू नका. वाण, थंडी, पाणी यांनुसार ती बदलते.

कळी काचेवर घेऊन सुईने उघडा. एका स्लाइडवर एकाच कळीतला एकच परागकोश. कांद्याच्या फुलात सहा पुंकेसर दोन वर्तुळांत असतात आणि दोन्ही वर्तुळं एका वयाची नसतात. सहाही परागकोश एकत्र चिरडले तर दोन अवस्थांची खिचडी दिसते आणि ती 'अनियमित मिओसिस' म्हणून खपवली जाते.

परागकोशावर १ टक्का अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब टाका. अ‍ॅसिटोकार्मिन म्हणजे ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये मंद उकळून गाळलेलं कार्मिन. लोखंडी सुईनेच टोका; सुईतलं किंचित लोह मिसळलं की रंग गडद चढतो, पण फार वेळ टोकत राहिलात तर पेशीद्रवही लाल होऊन सगळं एकसारखं दिसेल. परागकोशाचे तुकडे चिमट्याने काढून टाका. कव्हरस्लिप ठेवा, स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा फिरवा. काच हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच गरम. उकळी फुटली की स्लाइड गेली. टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा, कव्हरस्लिप सरकू देऊ नका.

आता आधी बी लाइनची शिडी भरा:

- मोठी, गच्च पेशीद्रवाची मातृपेशी, आत गुंतलेले धागे: मिओसिसची सुरुवात.
- जोडलेली गुणसूत्रं, कांद्यात ८ जोड्या.
- दोन पेशींची जोडी.
- चार पेशी एका वेष्टणात: चतुष्क.
- सुटे मायक्रोस्पोर, मध्यावर केंद्रक.
- मोठ्या रिक्तिकेने (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीने) केंद्रक कडेला ढकललेलं.
- दोन केंद्रकांचा पराग. कांद्यात पराग याच अवस्थेत बाहेर पडतो. ज्वारी, भात, सूर्यफूल यांत तीन केंद्रकं होतात.

त्यानंतर ए लाइन, त्याच लांबीच्या कळ्या. जिथपर्यंत दोन्ही शिड्या जुळतात तिथपर्यंत सगळं ठीक आहे. जिथे फाटतात ती बिघाड *दिसण्याची* पहिली अवस्था. बिघाड सुरू होण्याची असेलच असं नाही.

सावध: दोन पेशींची जोडी दिसली की काहीजण 'मिओसिस अर्धवट थांबला' असं लिहितात. कांदा, ज्वारी, भात या एकदलींत पहिल्या विभाजनानंतर लगेच भिंत पडते, म्हणून ही जोडी अगदी स्वाभाविक. मोहरी, टोमॅटो, तूर यांत मात्र चारही केंद्रकं तयार झाल्यावरच भिंती पडतात. तिथे भिंत पडलेली जोडी मोठ्या प्रमाणात दिसली तर मात्र थांबून नीट बघा.

मिओसिसमधला खरा बिघाड कसा दिसतो? जोड्या न जुळलेली एकेकटी गुणसूत्रं, दोन ध्रुवांच्या मध्ये मागे राहिलेले तुकडे, चतुष्कात चाराऐवजी पाच-सहा पेशी, बारीक जादा केंद्रकं. दूरच्या जातींचे संकर आणि बिनबियांच्या कलिंगडासारखी त्रिगुणित झाडं यांत हे सर्रास असतं. अशा झाडांत दोष टॅपेटमकडे शोधू नका, गुणसूत्रं मोजा.

पेशीद्रवीय नर-वंध्य कांद्यात मात्र मिओसिस बहुतेक वेळा नीट पार पडतो. चतुष्कंही तयार होतात. मग पुढच्या लांबीच्या कळीत चित्र पालटतं. बी लाइनच्या स्लाइडवर गोल, टपोरे, मधोमध लालबुंद केंद्रक असलेले मायक्रोस्पोर. ए लाइनच्या स्लाइडवर दुमडलेल्या, पोचट, बोटीसारख्या आकाराच्या रिकाम्या पिशव्या, कुठे केंद्रकाचा धूसर डाग, कुठे तोही नाही. दोन स्लाइड शेजारी ठेवून हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

## टप्पा ५: कॅलोज वेळेवर विरघळतं का?

चतुष्कानंतर बिघाड दिसला की लगेच टॅपेटमवर उडी मारू नका. मधे कॅलोजची पायरी आहे.

०.१ टक्का अ‍ॅनिलिन ब्ल्यू पोटॅशियम फॉस्फेटच्या अल्कधर्मी द्रावणात विरघळवा, रंग उतरेपर्यंत ठेवा. अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॅलोज पिवळसर-हिरवं चमकतं. बघायच्या गोष्टी दोन:

चमक लवकर नाहीशी होते का? म्हणजे कॅलेज वेळेआधी सुटलं आणि मायक्रोस्पोर भिंत तयार होण्याआधीच उघडे पडले. पिटुनियाच्या काही नर-वंध्य प्रकारांत हेच आढळलंय. तंबाखूत टॅपेटमकडून मुद्दाम लवकर कॅलेज सोडवलं तेव्हाही झाडं नर-वंध्य झाली. म्हणजे निव्वळ वेळ चुकणं हे पुरेसं कारण ठरतं.

चमक उशिरापर्यंत टिकते का? मग मायक्रोस्पोर सुटेच होत नाहीत आणि वेष्टणातच गुदमरतात.

अतिनील सूक्ष्मदर्शक नसेल तर अ‍ॅसिटोकार्मिनच्या स्लाइडवर दर लांबीला चतुष्कं किती आणि सुटे मायक्रोस्पोर किती, हे मोजून दोन्ही लाइनींची तुलना करा. कामचलाऊ पुरावा मिळतो, आणि अहवालात त्याला तेवढाच मान द्या.

## टप्पा ६: काप काढून टॅपेटम बघणं

टॅपेटमबद्दल एकही शब्द लिहायचा तर काप हवाच. स्क्वॅशमध्ये टॅपेटमच्या सुट्या पेशी दिसतात, पण त्यांची जागा आणि थर दिसत नाही.

एफएएमधल्या कळ्या नेहमीच्या पद्धतीने अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून पॅराफिनमध्ये आणा, ८ ते १० मायक्रॉनचे काप घ्या. रेझिनची सोय असेल तर १ ते २ मायक्रॉनचे काप आणि टोल्युडिन ब्ल्यू. चित्र कितीतरी स्वच्छ येतं. पायऱ्यांची घाई करू नका. अल्कोहोलमधून पाणी पूर्ण निघालं नाही की टॅपेटम फाटतो, आणि ती फाट नेमकी तुम्हाला हवी असलेल्या जागी पडते.

आता प्रश्न विचारायचे:

टॅपेटम आहे का? अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या मोहरीवर्गीय छोट्या झाडाच्या एका उत्परिवर्तित प्रकारात टॅपेटम बनतच नाही. त्याच्या जागी जादा मातृपेशी होतात. मिओसिस सुरू होतो, पण पराग होत नाही.

वेळेआधी गेला का? टॅपेटमचं मरणं हा ठरलेला, आतूनच घडवलेला मृत्यू आहे. प्रश्न फक्त वेळेचा. सूर्यफुलाच्या संकरित बियाण्यात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पेट-१ या वंध्यत्व आणणाऱ्या पेशीद्रवात टॅपेटमच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियामधून सायटोक्रोम-सी हे प्रथिन गळतं आणि पेशी अकाली मरतात. भाताच्या जंगली-वंध्य प्रकारात डब्ल्यूए-३५२ हे मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन टॅपेटममध्येच साठतं, कॉक्स-११ या प्रथिनाला अडवतं आणि तोच अकाली मृत्यू ओढवतं.

उशिरापर्यंत टिकला का, फुगला का? याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. टॅपेटम मेला नाही तरीही पराग उपाशी मरतो, कारण त्याच्यात साठलेलं सामान बाहेरच पडत नाही. कांद्याच्या एस या वंध्यत्व आणणाऱ्या पेशीद्रवात लवकर मोडणारा, फुगून कप्पा व्यापणारा आणि उशिरापर्यंत रेंगाळणारा, असे तिन्ही प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून एक कळी कापून निकाल देऊ नका; एकाच झाडाच्या निदान दहा कळ्या, तीन-चार लांबींच्या.

थोडं मायटोकॉन्ड्रियाबद्दल, कारण "पानात, मुळात तेच मायटोकॉन्ड्रिया असताना फक्त परागकोशच का मरतो?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मक्यात मोजणी झालेली आहे: पेशींची झपाट्याने वाढ होते त्या काळात टॅपेटमच्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रियाची संख्या सुमारे ४० पट आणि परागजनक पेशींत २० पट वाढते. झाडात ऊर्जेची इतकी ओढ दुसरीकडे क्वचितच असते. मक्याच्या टी पेशीद्रवात यूआरएफ-१३ हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात बसतं. बाकी झाड ते सोसतं, टॅपेटमला सोसत नाही. याच प्रथिनामुळे ते मायटोकॉन्ड्रिया करपा रोगाच्या बुरशीच्या विषालाही बळी पडतात, आणि १९७० मध्ये अमेरिकेतला मका त्यापायी मोठ्या प्रमाणावर गेला. मायटोकॉन्ड्रिया प्रत्यक्ष बघायचे तर ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिरीकरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या कापावरून मायटोकॉन्ड्रियाबद्दल काहीही लिहू नका.

तपासा: बी लाइनच्या कापात टॅपेटम त्या अवस्थेत असायला हवा तसा आहे ना? नसेल तर संच बाद.

## टप्पा ७: पिकलेला पराग आणि परागकोशाची उकल

पराग तपासणीची जागा इथे, शेवटी. रंगद्रव्य पिकानुसार निवडा.

ज्वारी, बाजरी, भात: आयोडीन-पोटॅशियम आयोडाइड. या गवतवर्गीय पिकांचा पिकलेला पराग स्टार्चने गच्च भरलेला असतो. निळा-काळा म्हणजे भरलेला.

कांदा, सूर्यफूल, मोहरी: इथे पिकलेल्या परागात स्टार्चचा भरवसा नाही. अगदी सुफल पराग आयोडीनला फिकट पिवळा राहू शकतो. अ‍ॅसिटोकार्मिन किंवा अलेक्झांडर रंगद्रव्य वापरा. अलेक्झांडरमध्ये भरलेला पराग किरमिजी आणि पोचट हिरवा दिसतो. फिनॉल आणि क्लोरल हायड्रेट नसलेली नवी कृती घ्या; तितकंच चांगलं काम होतं.

सावध: ही रंगद्रव्यं पराग *भरलेला* आहे का हे सांगतात, *जिवंत* आहे का हे नाही. उष्णतेने मेलेला भरलेला परागही छान रंगतो. जिवंतपणासाठी ताजा पराग रुजवून बघा: साखर १० टक्के, लिटरला बोरिक अ‍ॅसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०० आणि पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम. कांद्याचा दोन केंद्रकांचा पराग यात बऱ्यापैकी रुजतो. गवतवर्गीयांचा तीन केंद्रकांचा पराग काचेवर रुजायला अवघड आणि मरायलाही उतावळा, म्हणून तिथे न रुजणं हा पुरावा धरू नका.

परागाच्या आकारावरूनही अवस्था ताडता येते. भातात हे फार स्पष्ट आहे: वेडावाकडा, आक्रसलेला, न रंगणारा पराग म्हणजे एक केंद्रक असतानाच मेलेला, गोल पण न रंगणारा म्हणजे दोन केंद्रकांच्या सुमारास, गोल आणि अर्धवट रंगणारा म्हणजे अगदी शेवटी.

आणि परागकोश भरलेला, पराग किरमिजी, पण भुकटी बाहेर येत नसेल तर? मग बिघाड परागात नाहीच. एंडोथेसियमच्या पट्ट्या बघा. अरॅबिडॉप्सिसच्या एका प्रकारात या पट्ट्या बनत नाहीत म्हणून परागकोश उकलत नाही. दुसऱ्यात जॅस्मॉनिक अ‍ॅसिड कमी पडल्याने उकल उशिरा होते, आणि ते बाहेरून दिलं की झाड सुफल होतं. अशा झाडाचा परागकोश सुईने फोडून तोच पराग त्याच फुलाला लावून बघा. बी धरलं की उत्तर मिळालं.

## टप्पा ८: कारण झाडात की हवेत?

पेशीतला बिघाड सापडला. तो आनुवंशिक आहे की परिस्थितीचा?

रब्बी ज्वारीत हा घोळ नेहमी होतो. कणीस पोटरीत असताना रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास घसरलं की मिओसिस आणि त्यानंतरचा कोवळा मायक्रोस्पोर मार खातो. दोन-तीन आठवड्यांनी कणसात दाणे भरत नाहीत आणि दोष 'बियाण्यात भेसळ' म्हणून बियाण्यावर जातो. भातात थंडीने टॅपेटम फुगतो. गव्हात त्याच नाजूक काळात पाण्याचा ताण बसला तर परागकोशातलं साखर फोडणारं इन्व्हर्टेज विकर मंदावतं, साखर पोहोचत नाही, स्टार्च साठत नाही. बोरॉन किंवा तांब्याच्या कमतरतेनेही गव्हाचा पराग पोचट राहतो.

म्हणून वहीतलं तापमान काढा. एकाच दिवशी पोटरीत असलेली *सगळी* कणसं वंध्य आणि आठवड्याने मागे असलेली सुफल, तर हवा दोषी. शेजारशेजारची, एका वयाची झाडं मिश्र, तर आनुवंशिकता. वंध्य झाडाचा कांदा किंवा खोडवा पुढच्या हंगामात वेगळ्या तापमानात वाढवूनही वंध्यच राहिला, तर खात्री पक्की.

मग संकर:

१. वंध्य मादी × बी लाइन: सगळी संतती वंध्य, तर पेशीद्रवीय.

२. वंध्य मादी × अनेक सुफल नर: काही नरांची संतती सुफल, काहींची वंध्य, तर पेशीद्रव आणि केंद्रक दोघांचा खेळ.

३. कुठल्याही सुफल नराशी संतती सुफल किंवा निम्मी सुफल, आणि पेशीद्रव बदलूनही फरक नाही, तर निव्वळ केंद्रकीय जनुक.

सावध: सुफल झालेल्या एफ-१ (संकराच्या पहिल्या पिढीच्या) झाडाचा पराग मोजताना निम्मा पोचट निघाला तर 'सुफलतेची अर्धवट पुनर्स्थापना' म्हणून त्याला टाकून देऊ नका. भाताच्या बोरो या वंध्यत्व आणणाऱ्या पेशीद्रवात सुफलतेचं जनुक प्रत्येक परागात असावं लागतं. एफ-१ मध्ये ते निम्म्याच परागांना मिळतं, म्हणून निम्मे पोचट. बी मात्र पूर्ण भरतं. जंगली-वंध्य प्रकारात झाडाच्या, म्हणजे टॅपेटमच्या, पेशींत ते जनुक असलं की पुरे. तिथे एफ-१ चा जवळपास सगळा पराग भरलेला असतो. परागातलं हे प्रमाण तुम्हाला बिघाड टॅपेटमचा की परागाचा स्वतःचा, हेही सांगून जातं. टप्पा ६ च्या कापाशी ते पडताळून बघा; दोन्ही पुरावे एकमेकांच्या विरोधात गेले तर काप पुन्हा काढा, आकडे नाही.

## टप्पा ९: अहवालात काय लिहायचं

पाहिलेलं तेवढंच लिहा आणि ते कशावरून पाहिलं ते शेजारी लिहा. उदाहरणार्थ: "अमुक ते अमुक मिलिमीटर लांबीच्या कळ्यांत मिओसिस व चतुष्क बी लाइनप्रमाणे (स्क्वॅश, इतक्या कळ्या). कॅलोज वेळेवर विरघळतं (अ‍ॅनिलिन ब्ल्यू). सुटे मायक्रोस्पोर रिक्तिका येण्याआधी आक्रसतात. त्या अवस्थेत टॅपेटम फुगलेला (काप, दहापैकी इतक्या कळ्या)." कापच काढले नसतील तर "टॅपेटम तपासलेला नाही" असं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

छायाचित्रं त्याच दिवशी काढा, प्रत्येकावर मापपट्टी टाका, ए आणि बी एकाच मोठेपणावर. अ‍ॅसिटोकार्मिनच्या स्लाइडच्या कडा नेलपॉलिशने बंद करून फ्रीजमध्ये ठेवल्या तर काही दिवस टिकतात, पुढे केंद्रकाचा रंग पेशीद्रवात पसरतो. ७० टक्के अल्कोहोलमधल्या उरलेल्या कळ्या मात्र लेबलसह जपून ठेवा, आणि लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.